सहस्रचंद्रदर्शनाला सूट घातला तर जास्त होईल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न कपड्यांचा आहे, पण माझ्यासाठी तो किरकोळ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांचं डिसेंबरात सहस्रचंद्रदर्शन आहे. सकाळी नऊला सदाशिव पेठेत त्यांच्या घरी होम आणि औक्षण, दुपारी तिथेच पंगत. संध्याकाळी साडेपाचला जवळच्याच एका सभागृहात सत्कार. विद्यार्थ्यांच्या वतीनं पाच मिनिटं बोलायला मला सांगितलंय. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ एवढंच आहे. काय घालून यावं ते आपल्याकडे पत्रिकेवर कोणी छापत नाही.

मी मूळचा गंगाखेडचा. मोठ्या माणसाच्या कार्याला जाताना घरात असेल ते सगळ्यात चांगलं घालायचं, ही आमची शिकवण. वडील एरवी शेतात बनियन आणि गुडघ्यापर्यंत खोचलेल्या धोतरात. पण कुणाच्या लग्नाला निघाले की कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, धुवट धोतर, टोपी आणि खांद्यावर कोरा टॉवेल. तिथं पोचल्यावर यजमान फेटा बांधणार, टॉवेल-टोपी देणार. मान कपड्यानं द्यायचा आणि कपड्यानंच घ्यायचा. माझ्या लग्नात मी नेव्ही ब्लू सूट शिवला. त्याचं कापड वडिलांनी त्या वर्षीच्या कापसाच्या विक्रीच्या पैशांतून घेतलं. त्यामुळे माझ्याकडे त्याहून भारी काही नाही आणि माझ्या लेखी असूही शकत नाही.

मे महिन्यात एका सहकाऱ्याच्या मुलाच्या मुंजीला तोच सूट, टाय, बूट असा गेलो होतो. कोथरूडचं कार्यालय. यजमान सोवळ्यात, बाकी पुरुष झब्ब्यात नाहीतर साध्या बुशशर्टात. “इथून थेट मुलाखतीला जायचंय का?” असं दोघा-तिघांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ मॅडमनी अगदी मायेनं सांगितलं, “इतकं फॉर्मल कशाला घालायचं हो मुंजीला.” त्यांचा हेतू चांगला होता. पण मला आजही कळलेलं नाही की जास्त नेमकं काय झालं होतं.

तर सकाळी काय घालू, संध्याकाळी काय घालू? बायकोकडे तिच्या आईची येवल्याची पैठणी आहे. ती चालेल, की यजमानांपेक्षा वरचढ दिसेल? आणि इथली माणसं हे ठरवतात कशावरून? ‘मोकळं वाटेल ते घाला’ हे उत्तर कृपया नको. मला सरांचा मान राखायचा आहे, माझा मोकळेपणा दुय्यम आहे.

पेठेतली माहेरवाशीण

वहिनींच्या पैठणीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. नेसू दे. मी नारायण पेठेत वाढले, आमच्या घरात माझ्या आजोबांचं आणि मोठ्या काकांचं अशी दोन्ही सहस्रचंद्रदर्शनं झाली. अशा दिवशी सरांच्या पत्नी, सुना, लेकी भरजरीच नेसलेल्या असतात. पाहुणीनं पैठणी नेसली म्हणून कुणाचा मान उतरत नाही, उलट घरच्या बायका पदर हातात घेऊन बघतील. हातमागाची असेल तर उलटी करून बघतील, कारण खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर मागून-पुढून सारखा दिसतो. वहिनींनी ते कौतुक म्हणून घ्यावं.

पण नेसायची कधी, हा खरा प्रश्न आहे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. म्हणून हे कार्य ८१ वं वर्ष चालू असताना करतात आणि बहुतेक घरी औक्षणाला ८१ दिवे लावतात. तूप-वातीचे, ताटांत मांडलेले, आणि पेठेतल्या जुन्या घराच्या माजघरात ती ताटं घेऊन बायका अगदी खेटून उभ्या. शेजारी होम पेटलेला. त्या गर्दीत लांब सोडलेला रेशमी पदर मला बघवत नाही. माझ्या मावशीचा शालू अशाच औक्षणात पदराला जळला होता, नशिबानं नुसता शालूच.

म्हणून सकाळी इरकल किंवा नारायणपेठ साडी नेसावी, पदर कमरेला खोचून. नारायणपेठी हलकी असते, दोन-तीन तास मांडी घालून बसलं तरी अंगावर ओझं होत नाही. पैठणी संध्याकाळी सभागृहात. तिथं पदर सोडून बसता येतो, दिव्यांच्या उजेडात काठही उठून दिसतात. एकच सांगायचं, जरीकाठाची साडी अंगावर असताना अत्तर किंवा स्प्रे मारू नये, खऱ्या जरीचे काठ काळे पडतात. जे लावायचं ते साडी नेसायच्या आधी, मनगटाला.

नथ हवीच. त्याबद्दल मी काही ऐकून घेणार नाही.

पुरुषांच्या कपड्यांतलं मला फार कळत नाही. इथे एक काका आहेत शिवणकामातले, ते सांगतील.

काज-बटण

सर, नमस्कार. मी शिंपी. पेरूगेटाजवळच्या एका गल्लीत आमचं दुकान, वडिलांनी घातलेलं. नवरदेवांचे सूट, वकिलांचे काळे कोट, प्राध्यापकांचे ब्लेझर, मुंजीतले झब्बे, सगळं याच हातानं बेतलं आहे. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, “काका, अमक्याच्या कार्याला काय शिवू?” मी कापडाचं नाव घ्यायच्या आधी विचारतो, “तिथं बसणार कुठे?”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते एवढ्यातच आहे. कपडा भारी की साधा हे नंतरचं. आधी बघायचं की त्या ठिकाणी माणूस जमिनीवर बसणार, खुर्चीवर बसणार की उभा राहणार, आणि पायात काही असणार की नाही.

सूट हा खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट न काढणाऱ्या माणसाचा कपडा आहे. त्याची पँट आम्ही बुटावर टेकेल अशा लांबीनं कापतो. दारात बूट काढले की तीच पँट टाचेखाली जाते आणि माणूस आखूड दिसायला लागतो. मांडी घातली की गुडघ्यावर कापड ताणतं, आसन खेचलं जातं. हल्लीच्या अरुंद मोहरीच्या पँटीत तर पोटरी आवळून पाय बधिर होतो. कोटाचं बटण लावून खाली बसलात तर पुढचा भाग पोटावर फुगतो, खांदे वर चढतात, कॉलर मानेपासून सुटते. मग तो सूट कितीही चांगल्या कापडाचा असो, बघणाऱ्याला काहीतरी बेंगरूळ वाटतं. काय ते त्याला सांगता येत नाही. म्हणून तो म्हणतो, “इतकं फॉर्मल कशाला?”

तुमच्या मॅडमना हेच दिसलं असणार.

आता ‘जास्त फॉर्मल’बद्दल. मुंजीच्या मांडवात सगळ्यात औपचारिक पोशाख कुणाचा होता? बटूच्या वडिलांचा. रेशमी मुकटा किंवा कद आणि वर उपरणं. त्यात एक टाकासुद्धा नसतो. होमहवनाच्या कार्यात आपल्याकडे जितका मान मोठा तितकं कापड कमी शिवलेलं. नऊवारीही तशीच. लक्ष्मी रोडला आणि तुळशीबागेत शिवलेल्या नऊवारी मिळतात, त्या अलीकडच्या सोयीच्या. मी शिंपी असून हे सांगतो, कारण ते तसंच आहे. म्हणजे ती मुंज साधी नव्हती आणि माणसं गबाळी नव्हती. तिथला थाट दुसऱ्या जातीचा होता. यजमान सोवळ्यात, जवळचे नातेवाईक रेशमी झब्ब्यात, बाकीचे सुती झब्ब्यात किंवा शर्टात, अशी ती उतरंड असते. तुमचा सूट त्या उतरंडीत वर नव्हता की खाली नव्हता, तो तिच्या बाहेर होता.

हे जुन्या पुणेकरांना नीट ठाऊक होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे इथल्या वकील-मास्तरांचे फोटो बघा. खाली धोतर, वर बंद गळ्याचा लांब कोट, गळ्यात उपरणं, डोक्याला पगडी. कॉलेजात खुर्चीवर बसायचं, घरी पाटावर बसायचं, आणि मधे कपडे बदलायला वेळ नसायचा. खाली बिनशिवलेलं आणि वर विलायती कापणीचं, असा दोन्हीकडे चालेल तो पोशाख त्यांनी घडवला. जुनं कापड बघायची आवड असेल तर बाजीराव रोडजवळ राजा केळकर संग्रहालयात जाऊन या.

आणि बसण्यावरून कपडा ठरतो हे आजही दिसतं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे. तिथं भारतीय बैठकीवर तासन् तास बसणारी माणसं बघा: झब्बा, जाकीट, डिसेंबरची थंडी म्हणून शाल. सूट घातलेला माणूस दिसलाच तर मागे खुर्चीवर. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐन उन्हाळ्यात असते, तिथला श्रोता बुशशर्टात. ऐकायला तो तितक्याच गांभीर्यानं येतो.

उन्हाचंही सांगतो. मे महिन्यात पुण्यात पारा ३८-४० ला जातो. लग्नाचा सूट बहुधा टेरीवूलचा, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेल्या कापडाचा असतो, आत खांद्यापासून खालपर्यंत पॉलिस्टरचं अस्तर, छातीला चिकटवलेला कॅनव्हास. त्यातून वारा जात नाही. वर होमाचा धूर. अशा वेळी घामानं निथळणारा पाहुणा दिसला की यजमानाचाही जीव त्याच्यात अडकतो.

आता तुमचं कार्य.

सकाळी झब्बा-पायजमा. पांढरा किंवा मोतिया, सुती नाहीतर खादी सिल्क. लांबी गुडघ्याच्या खाली चार बोटं. बाजूचे काप खोल ठेवायला सांगा, नाहीतर मांडी घातली की झब्बा मांडीखाली अडकतो आणि उठताना शिवण जाते. ४४ इंच पन्ह्याचं कापड तुमच्या उंचीप्रमाणे अडीच ते तीन मीटर लागेल. पायजमा सरळ, नाडीचा. चुडीदार नको, तो उभं राहायचा कपडा आहे. डिसेंबरात सकाळी नऊला पेठेतल्या घरात गारठा असतो, म्हणून वर बिनबाह्यांचं जाकीट. दुपारपर्यंत २८-२९ अंश होतं, तेव्हा ते काढून ठेवता येतं. पायात कोल्हापुरी, दारात पटकन निघते.

आणि एक. तुमच्या वडिलांचा जो पोशाख तुम्ही लिहिलात, पांढरा सदरा, धोतर, टोपी, तो सदाशिव पेठेतल्या होमाला कुठल्याच मापानं जास्त नाही आणि कमी नाही. धोतर नेसता येत असेल तर तेच नेसा. मी तर म्हणेन त्याच्यासारखं दुसरं नाही.

संध्याकाळी सूट. बेलाशक. खुर्च्या आहेत, पायात बूट आहेत, तुम्ही उभं राहून बोलणार आहात. तुमच्या वडिलांनी घेतलेलं कापड सरांच्या सत्काराला अंगावर नाही घालायचं तर कधी घालायचं? फक्त ते नीट बसलं पाहिजे. लग्नानंतर अंग थोडं भरतंच. पँटीच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड सोडलेलं असतं, कंबर तेवढी ढिली होते. कोटाच्याही शिवणीतून थोडं मिळतं. खांद्यात मात्र काही करता येत नाही, खांदा घट्ट झाला असेल तर तो कोट घालू नका. हे सगळं महिनाभर आधी करून घ्या. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि मग कुठल्याही शिंप्याकडे तुमची पँट गठ्ठ्यातच राहील.

कोट दोन बटणांचा असेल तर खालचं बटण कायम उघडं. वरचं बोलायला उभं राहिलात की लावायचं, बसताना सोडायचं. शर्टाचा कफ बाहीबाहेर अर्धा इंच दिसू दे. टाय एकरंगी, गडद. आणि सरांच्या पाया पडायला वाकाल तेव्हा आधी बटण सोडा. नाहीतर सगळा ताण पाठीच्या शिवणीवर येतो. ती शिवण तिथंच उसवलेली मी पुष्कळदा परत शिवून दिली आहे.

भीमथडी

काज-बटण काका, मांडी आणि बुटांचं पटलं. पण सोवळ्याची उतरंड तुम्ही जशी मांडलीत तिथं मला थांबावं लागतं.

सूट खुर्चीवर बसणाऱ्याचा हे खरं. पण या शहरात खुर्ची कुणाला कधी मिळाली, याचाही विचार करायला हवा. माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. दर १४ एप्रिलला ते कोट, टाय, पॉलिश केलेले बूट घालून पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला जायचे. एप्रिलचं ऊन, डोक्यावर काही नाही. कोणी त्यांना ‘जास्त झालं’ म्हटलं नाही, कारण तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तो कोट काय आहे. आजही त्या दिवशी तिथं जा, लहान पोरांना निळे सूट शिवून आणलेले दिसतील.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितली होती, कारण नेसण्यावरून जात ओळखू यायची. आमच्या पूर्वजांना चांगलं कापड, दागिना अंगावर घालायची मोकळीक नव्हती. आमच्याकडे नीटनेटका, भारी कपडा घालणं हा हौसेचा विषय कधीच नव्हता. १९३१ च्या गोलमेज परिषदेला गांधीजी पंचा आणि शालीत होते, बकिंगहॅम राजवाड्यातसुद्धा तसेच गेले. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटात होते. दोघांनीही विचार करूनच तो कपडा घातला होता.

म्हणून गोदाकाठ, मला एवढंच सांगायचंय. तुमच्या वडिलांनी कापूस विकून सूट घेतला, तो बाहेरचा वाटला तर ती उतरंड अपुरी आहे. त्या मांडवात तुमचा सूट कमीत कमी यजमानांच्या रेशमाइतकाच मानाचा होता. सकाळीही तुम्हाला कोट घालावासा वाटला तर घाला. खाली सैल पँट घाला म्हणजे बसता येईल. मॅडमचं बोलणं मायेचं असेल, पण ‘आपलं असंच असतं’ हे माप एकाच घरातून निघतं आणि सगळ्यांना लावलं जातं, हे मला सोसत नाही.

काज-बटण

भीमथडी, तुमच्या आजोबांसारखी माणसं मी दुकानात बघितली आहेत. मार्चअखेर यायची, पहिला पगार झालेल्या पोराला घेऊन. माप देताना ताठ उभी राहायची. त्या कोटाची किंमत मला ठाऊक आहे, त्यावर माझा शब्दानंही वाद नाही. मी उतरंड सांगितली ती होम असलेल्या घरातली. ती सगळ्यांची नाही, हे तुम्ही लिहिलंत ते योग्य केलंत. १४ एप्रिलला पुतळ्याजवळ झब्बा घातलेला माणूस तितकाच बाहेरचा दिसेल.

पण एप्रिलच्या उन्हाचा विषय काढलात म्हणून कामाचं सांगतो, कारण दर वर्षी माणसं तेच टेरीवूल घेऊन येतात आणि दिवसभर सोसतात. उन्हाळ्यात सूट घालायचाच असेल तर ट्रॉपिकल वूल घ्या, मीटरला २४०-२५० ग्रॅमच्या आसपासचं. लोकर म्हटलं की माणसं दचकतात. पण चांगली विणलेली पातळ लोकर पॉलिस्टरपेक्षा कितीतरी थंड असते, घाम शोषते आणि चुरगळलेली हँगरवर सरळ होते. लिननही थंड, पण बसलं की चुरगळतं, ते मान्य असेल तर घ्या. ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड मध्यम अंगाच्या माणसाला पुरतं. शिंप्याला सांगा की अस्तर अर्धं हवं, फक्त खांदे आणि बाह्यांना, पाठ मोकळी. शिलाई थोडी जास्त पडते, कारण आतल्या उघड्या शिवणी सफाईनं बांधाव्या लागतात. निळा रंग घ्या, हलका निळा नको, त्यावर घामाचा डाग लगेच दिसतो.

सकाळी कोट घालायचाच असेल तर तुमचा सैल पँटीचा सल्ला बरोबर आहे. फक्त लग्नाच्या सुटाचा कोट होमाच्या धुरात नको. संध्याकाळी तोच घालायचाय, आणि धुराचा वास अस्तरात बसला की एका दिवसात जात नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या मनात जे अडकलं होतं ते तुम्ही तिघांनी तीन बाजूंनी सोडवलंत. काका, ‘बसणार कुठे’ हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, आणि आता मुंजीतला तो प्रसंग लख्ख दिसतो. मांडवात सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो आणि मोजे झाकायची धडपड चालली होती. भीमथडी, तुमचं लिहिलेलं मी वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मास्तरांच्या कार्याला मी येतो.” सरांनी त्यांना पूर्वीच बोलावलं होतं, पण पुण्यातल्या मोठ्या घरात आपण काय जायचं म्हणून ते टाळत होते.

तर आता असं ठरलंय. सकाळी आम्ही दोघं धोतर-सदऱ्यात. मला नेसता येतं, सवय नाही, पण वडील बरोबर आहेत. संध्याकाळी मी सुटात, वडील त्यांच्या नेहमीच्या पोशाखात. बायको सकाळी नारायणपेठ, संध्याकाळी पैठणी, नथ दोन्ही वेळा.

दोन शंका उरल्यात. वडील खांद्यावर कोरा पांढरा टॉवेल घेतातच, त्याशिवाय बाहेर पडत नाहीत. पेठेतल्या घरात तो टॉवेल कसा दिसेल? उपरणं आणून देऊ का? आणि सत्कारात सरांना शाल द्यायचं काम आम्हा विद्यार्थ्यांकडे आहे. पत्रिकेत आहेर नको म्हटलंय, तर शाल द्यावी का?

पेठेतली माहेरवाशीण

टॉवेल राहू दे. त्यांना उपरणं दिलंत तर दिवसभर ते सावरत बसतील, आणि खांद्यावरचा टॉवेल हा त्यांचा आहे. पेठेतल्या कुठल्याही जाणत्या घरात शेतकरी माणसाच्या खांद्यावरचा टॉवेल ओळखतात. यजमानच त्यांना उपरणं देतील, सत्यनारायणाला किंवा होमाला आलेल्या वडीलधाऱ्यांना देण्याची पद्धत आहे. ते दिलं की घ्यावं, नको म्हणू नये, आणि टॉवेलावरच खांद्यावर घ्यावं.

शाल आहेरात धरत नाहीत. शाल-श्रीफळ हा सत्काराचाच भाग आहे. फक्त घरच्यांना आधी विचारा की बाकी कोण कोण शाल देणार आहे. अशा सोहळ्यांत शालींचा ढीग लागतो आणि ८१ वर्षांच्या माणसाला एकावर एक पांघरत बसतात, ते त्यांना फार जड होतं. विद्यार्थ्यांची मिळून एकच, मऊ लोकरीची घ्या, त्यांना हिवाळ्यात घरी वापरता येईल अशी.

काज-बटण

शालीवरचं लेबल आणि टाचण्या आधीच काढून ठेवा, व्यासपीठावर कोणी बघत नाही आणि म्हाताऱ्या माणसाच्या मानेला बोचतं.

वडिलांचं धोतर रेशीमकाठी नवं घेणार असाल तर एकदा धुऊन, खळ काढून मगच नेसवा. कोरं धोतर सुळसुळीत असतं, जिन्यावर पायात येतं, आणि पेठेतल्या घरांचे जिने उभे असतात. तुमच्यासाठीही तेच. कार्याच्या आधी घरात दोन-तीन वेळा नेसून, मांडी घालून, उठून बघा. आणि सूट मात्र या आठवड्यातच अंगावर घालून बघा, आरशासमोर नुसतं उभं राहून नाही, खुर्चीवर बसून आणि खाली वाकूनसुद्धा. खांद्यात ओढतंय का ते मला इथे कळवा, म्हणजे पुढे काय करायचं ते सांगतो.